बीपी नॉर्मल आहे, मग बीपीची गोळी कशाला?

पत्र थोडक्यात असं आहे. ऐरोलीहून एक मुलगी लिहितेय. वडील ६६ वर्षांचे, महापेला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर नोकरी केली, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. डायबेटीस १५ वर्षांपासून. दोन महिन्यांपूर्वी तिनेच मागे लागून तपासण्या करून घेतल्या, तर लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) ४२० निघालं आणि रक्तात क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) १.३. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० सुरू केली. वडील म्हणाले, घरच्या मशीनवर माझं बीपी १३२/८० दाखवतंय, मला बीपी नाहीच तर बीपीची गोळी कशाला, एकदा सुरू केली की मरेपर्यंत सुटत नाही. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.५ आलं आणि घरात भांडणच पेटलं, कारण त्यांच्याच सेक्टरमधले एक काका आज डायलिसिसवर आहेत आणि ते हीच गोळी घ्यायचे. आत्याने किडनीसाठी म्हणून काढ्याची पुडी पाठवली. गेल्या आठवड्यात साफसफाई करताना जुन्या जेवणाच्या डब्यात न घेतलेल्या १९ गोळ्या सापडल्या. पुण्याचा भाऊ म्हणतो सोड, त्यांचं आयुष्य आहे. तिचा प्रश्न: "गोळी कुस्करून सकाळच्या ताकात घालून देऊ का? की बाबाच बरोबर आहेत आणि मीच घाई केली?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते, ताकात गोळी घालू नका. आजपासून नाही, उद्यापासून नाही, कधीच नाही. का ते पुढे सांगते, त्याचं कारण नुसतं विश्वासघात वगैरे नाहीये, या गोळीच्या बाबतीत ते खरोखर धोक्याचं आहे. आणि दुसरी गोष्ट, तुम्ही घाई केलेली नाही. लघवीची तपासणी केली नसती तर हे अजून चार-पाच वर्षांनी पायावर सूज आल्यावर कळलं असतं.

मी डॉक्टर नाही हे दर वेळी सांगते तसं आजही सांगते. मी फार्मासिस्ट, ठाण्यात तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले. तुमच्या बाबांचा जो प्रश्न आहे ना, तो मी आठवड्यातून एकदा तरी ऐकलाय, अगदी त्याच शब्दांत, आणि खरं सांगू का, प्रश्न चुकीचा नाहीच आहे. ज्या गोळीला सगळं जग बीपीची गोळी म्हणतं, ती बीपी ठीक असलेल्या माणसाच्या हातात दिली आणि कशासाठी ते दोन मिनिटं बसून सांगितलं नाही, तर शहाण्या माणसाने विचारायलाच हवं की का घेऊ. ओपीडीत शंभर पेशंट असतात, डॉक्टर लिहून देतात, आम्ही काउंटरवरून पाकीट सरकवतो, आणि सगळे धरून चालतात की दुसऱ्या कोणीतरी समजावलं असेल.

तर आधी ते समजावणं करूया, बाबांच्या भाषेत. ते बॉयलरवर होते म्हणजे प्रेशर काय असतं हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. त्यांना विचारा, मेन लाइनचं गेज बरोबर दाखवत असेल तर आतल्या प्रत्येक बारीक नळीत प्रेशर बरोबर असेलच का? ते नाही म्हणतील. हाताला जो पट्टा गुंडाळतो ते मेन लाइनचं गेज आहे. किडनीच्या आत प्रत्येकी साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, रक्तवाहिन्यांचे इवलेसे गुंते, आणि दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाणी त्यातून गाळलं जातं, त्यातलं बहुतेक शरीर परत घेतं. प्रत्येक गुंत्याला रक्त आत येण्याची एक नळी आणि बाहेर जाण्याची एक नळी. डायबेटीसमध्ये वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की आत येणारी नळी सैल होते, आणि अँजिओटेन्सिन नावाचं जे शरीरातलंच रसायन आहे ते बाहेर जाणारी नळी आवळून धरतं. म्हणजे इनलेट उघडा आणि आउटलेट अर्धा बंद. आत काय होणार हे बाबांना सांगावं लागणार नाही. आणि हे सगळं होत असताना हाताच्या पट्ट्यावर १३२/८० दिसू शकतं.

टेल्मिसार्टन ते अँजिओटेन्सिन जिथे जाऊन चिकटतं ती जागा अडवते. आउटलेट सैल पडतो, गाळणीतलं प्रेशर उतरतं. बीपी उतरणं हा तिचा एक परिणाम झाला, पण तुमच्या बाबांच्या चिठ्ठीत ती लिहिली गेली ती त्या ४२० च्या आकड्यामुळे, १३२ मुळे नाही. (आणि तसंही, डायबेटीस आणि लघवीत प्रोटीन दोन्ही असेल तर बीपी १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, म्हणजे बाबा म्हणतात तितकं ते नॉर्मलही नाही. पण हा मुद्दा भांडणात काढू नका, विषय भलतीकडे जाईल.)

आता तो १.५. हा आकडा बघून तुमची रात्रीची झोप गेली असणार. घरी श्रीखंडासाठी चक्का बांधता ना? दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी थेंब थेंब गळतं. कोणी घाई करून फडकं जोरात पिळलं तर पाणी भराभर निघतं खरं, पण त्याबरोबर दहीही बाहेर यायला लागतं, आणि रोज तसंच पिळलं तर एक दिवस फडकं विरतं. लघवीतलं अल्ब्युमिन म्हणजे ते बाहेर आलेलं दही. गोळीने पिळणं थांबवलं. मग पाणी आधीपेक्षा हळू गळणारच! गाळण्याचा वेग थोडा कमी झाला म्हणून रक्तात क्रिएटिनिन थोडं वर चढलं. पहिल्या महिन्यात अशी वाढ होते हे डॉक्टरांना माहीत असतं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ असेल तर गोळी चालू ठेवतात. १.३ चं १.५ म्हणजे साधारण १५ टक्के. ३० च्या पुढे गेलं असतं तर मी आज वेगळं पत्र लिहिलं असतं, तेव्हा डॉक्टर थांबून कारण शोधतात, किडनीची रक्तवाहिनी अरुंद आहे का, पाणी कमी पडलंय का, दुसरं कुठलं औषध आड येतंय का.

आणि इथे मला तुमच्या पत्रातली एक ओळ खुपली. तुम्ही अगदी सहज लिहिलंय की "गुडघे दुखले की बाबा मेडिकलमधून एक गोळी आणून घेतात, ती मात्र बरोब्बर घेतात." ताई, ती कुठली गोळी? डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, यातलं काही असेल तर माझा पहिला संशय त्या गोळीवर आहे. या दुखण्याच्या गोळ्या किडनीत रक्त आत आणणारी नळी आवळतात. एकीकडे टेल्मिसार्टनने आउटलेट सैल, दुसरीकडे दुखण्याच्या गोळीने इनलेट आवळलेला, मग गाळायला प्रेशर उरणार कुठून? त्यात लघवी जास्त होण्याची गोळीही असेल तर तिन्ही मिळून किडनी अचानक बसल्याची उदाहरणं आहेत. म्हणून आज संध्याकाळी बाबांच्या स्ट्रिपवर टेल्मिसार्टनच्या नावापुढे एच लिहिलंय का बघा, एच म्हणजे त्यात लघवीची गोळी मिसळलेली आहे. एएम असेल तर दुसरी बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन.

हे लिहिताना मला माझी एक चूक आठवते आणि ती मी लपवत नाही. सुरुवातीची काही वर्षं आमच्या काउंटरवर एक गृहस्थ महिन्याच्या शुगर-बीपीच्या गोळ्यांबरोबर दुखण्याच्या गोळ्यांचीही दोन पाकिटं न्यायचे. मी द्यायचे. चिठ्ठी मागितली नाही, विचारलं नाही की रोज घेता का. दोघांनाही सवयीचं झालं होतं. पुढे त्यांची मुलगी औषधं न्यायला यायला लागली आणि यादीत किडनीची इंजेक्शनं होती. फक्त त्या गोळ्यांनीच तसं झालं असं मी म्हणू शकत नाही, शुगर होतीच, पण मी विचारलं असतं तर एक ओझं तरी कमी झालं असतं. तेव्हापासून मी डायबेटीसवाल्या माणसाला दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय दिली नाही, लोक चिडायचे, चिडू दे. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, शेक, मलम, फिजिओथेरपी, काय चालेल ते डॉक्टरांना विचारा पण हे आधी थांबवा.

डायलिसिसवरचे ते काका. त्यांचं वाईट वाटतं, आणि बाबा घाबरले ते त्यांनाच बघून घाबरलेत, म्हणून यावर रागावू नका. पण आग लागते तिथे बंब दिसणारच, म्हणून आग बंबाने लावली असं होत नाही. ज्यांची किडनी आधीच दुखावलीय त्यांनाच ही गोळी देतात, त्यामुळे डायलिसिसपर्यंत पोचलेल्या माणसाच्या जुन्या फायलीत ती सापडणारच. ती कधी सुरू झाली, गाळण्या किती उरलेल्या असताना, मध्ये किती महिने बंद होती, शुगर किती होती, हे फाइल बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

त्यापेक्षा ज्यात नीट मोजमाप झालंय ते बाबांना सांगा, त्यांना आकडे आवडत असतील. २००१ साली दोन मोठे अभ्यास एकाच वेळी छापून आले. एकात लोसार्टन होती, डायबेटीसने किडनी दुखावलेली १५१३ माणसं, निम्म्यांना ती गोळी आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी, बीपीची बाकीची औषधं दोघांनाही चालू. साधारण साडेतीन वर्षांत, किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका लोसार्टनवाल्यांत २८ टक्क्यांनी कमी होता. दुसरा अभ्यास तर बाबांच्या प्रश्नाचंच उत्तर आहे. १७१५ माणसं, काहींना इर्बेसार्टन, काहींना अ‍ॅम्लोडिपिन, काहींना यातलं काहीच नाही. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची चांगली गोळी आहे, दोन्हींनी बीपी जवळपास सारखंच उतरलं. तरी क्रिएटिनिन दुप्पट होणं, किडनी निकामी होणं किंवा मृत्यू, या सगळ्यांचा मिळून धोका इर्बेसार्टनवाल्यांत अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा २३ टक्क्यांनी कमी राहिला. बीपी सारखं, किडनीचा निकाल वेगळा. म्हणजे फरक पडला तो पट्ट्यावर न दिसणाऱ्या प्रेशरमुळे. टेल्मिसार्टन याच सार्टन घराण्यातली.

त्याआधी १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल नावाच्या, प्रिल या चुलत घराण्यातल्या गोळीने टाइप वन डायबेटीसवाल्यांमध्ये हेच दाखवलं होतं. आणि आत्याबाई "केमिकल नको, निसर्गातलं घ्या" म्हणत असतील तर त्यांना सांगा की कॅप्टोप्रिलचा शोधच ब्राझीलमधल्या एका विषारी सापापासून सुरू झाला, त्याच्या विषाने बीपी का कोसळतं हे सर्जिओ फेरेरा नावाचे शास्त्रज्ञ शोधत होते. निसर्गातच होतं, फक्त किती द्यायचं आणि कोणाला द्यायचं नाही हे माणसांनी वर्षानुवर्षं मोजून काढलं. काढ्याच्या पुडीचं माझं म्हणणं एवढंच आहे की तिच्यात काय आणि किती आहे हे पुडीवर लिहिलेलं नाही. काही भस्मांमध्ये, पुड्यांमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि तो बाहेर टाकायचं काम दुखावलेल्या किडनीवरच पडतं. आत्याचा मान राखा, तिचं प्रेम आहे त्यात, पण पुडी नको.

पण २८ टक्के म्हणजे शंभर टक्के नाही, हेही बाबांना खरं खरं सांगा. गोळी किडनी नवी करून देत नाही. ती झीज मंद करते. काहींना गोळी घेऊनही पुढे त्रास होतो. गोळी विकायला बसल्यासारखं बोललात तर कंपनीत तीस वर्षं काढलेला माणूस लगेच ओळखेल. आणि मरेपर्यंत घ्यावी लागेल का, तर बहुतेक हो, बरीच वर्षं. सवय लागते म्हणून नाही. डायबेटीस आहे तोवर आउटलेट आवळणारं कोणीतरी आत बसलेलंच आहे, गोळी बंद केली की काही दिवसांत प्रेशर पुन्हा पहिल्यासारखं, म्हणून.

आता ताकाचं. टेल्मिसार्टन घेणाऱ्या माणसाला जुलाब-उलट्या लागल्या, ताप येऊन खाणंपिणं बंद झालं, तर शरीरात पाणी कमी पडतं, आणि तेव्हा ही गोळी एक-दोन दिवस थांबवायला बहुतेक डॉक्टर सांगतात, खाणंपिणं नीट झालं की परत सुरू. आपल्याकडे पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ कधी येईल सांगता येत नाही. गोळी ताकात आहे हे बाबांना माहीतच नसेल तर ती थांबवायची हे त्यांना कसं कळणार? तुम्ही ऑफिसात, आई ताक देतेय, बाबा दवाखान्यात जाऊन "मी कुठलीच गोळी घेत नाही" म्हणून सांगतायत, आणि तिथले डॉक्टर त्यावर भरवसा ठेवून दुखण्याचं इंजेक्शन देतायत. उठताना चक्कर आली तर म्हातारपण म्हणून सोडून देतील. आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून ते तुमच्या हातचं ताकच काय, इन्सुलिनही घेणार नाहीत. भाऊ सोड म्हणतो तेही मला पटत नाही. निर्णय त्यांचा आहे हे बरोबर, पण गोळी कशाची आहे हेच ज्याला माहीत नाही त्याने निर्णय कुठे घेतलाय अजून?

डब्यातल्या त्या १९ गोळ्या फेकून द्या. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढते, स्ट्रिपमधून काढली की लगेच घ्यायची असते, आणि ऐरोलीच्या खाडीकाठच्या दमट हवेत सुट्या पडलेल्या गोळ्या भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. वारांच्या खणांचा डबा वापरणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, ही गोळी स्ट्रिपसकट कात्रीने कापून खणात ठेवायची.

मग करायचं काय. मी तुमच्या जागी असते तर आधी त्या १९ गोळ्यांचा विषय रागाने काढला नसता. त्यांनी त्या फेकल्या नाहीत, जपून ठेवल्या, म्हणजे मनातून त्यांचंही पक्कं नव्हतं असं मला वाटतं. रविवारी सकाळी चहा झाल्यावर, आई आणि ते दोघंच असताना, कागदावर एक गुंता काढा, एक इनलेट एक आउटलेट, आणि त्यांनाच विचारा की प्रेशर कुठे वाढेल. त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांना बोलू द्या. काकांचं बघून भीती वाटली का, असं सरळ विचारा. पुरुषमाणसं आपल्याकडे हे स्वतःहून सांगत नाहीत. मी काउंटरवर बघितलंय, जो सगळ्यात जास्त वाद घालायचा तोच सगळ्यात जास्त घाबरलेला असायचा.

मग त्यांना सोबत घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि १९ दिवस गोळी घेतली नाही हे आधी सांगा. लपवलं तर डॉक्टर समजतील की गोळीचा उपयोग होत नाहीये आणि डोस वाढवतील. बीपी ठीक असतानाही डोस ४० चा ८० केला जाऊ शकतो, किडनीसाठी सोसेल तितका पूर्ण डोस द्यायची पद्धत आहे, तेव्हा घाबरू नका, पण तो निर्णय खऱ्या माहितीवर व्हायला हवा. परत सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, दोन्ही. पोटॅशियम तुमच्या पत्रात कुठेच नाही, तपासलं होतं का? ही गोळी पोटॅशियम वाढवते आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डोस बदलला की दर वेळी ते बघायचं, ५.५ च्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पहिल्या तपासणीत आकडा चांगला आला तर शहाळ्यावर लगेच बंदी नको, पण पाम बीचवर फिरायला गेल्यावर रोज एक शहाळं अशी सवय असेल तर ते सांगा. आणि बाजारात जे कमी सोडियमचं मीठ म्हणून मिळतं ते आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, चांगलं म्हणून आणायचं आणि तेच नेमकं अंगाशी यायचं.

साधं मीठच कमी करा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा सपाट. मीठ जास्त असेल तर या गोळीचा प्रोटीन कमी करण्याचा परिणामही मंदावतो, त्यामुळे पापड, लोणचं, सुकट, फरसाण यांना गोळीइतकंच महत्त्व द्या. आईशी बोला, स्वयंपाक त्यांच्या हातात आहे.

लघवीतलं अल्ब्युमिन परत तपासायला सांगा. साधी लघवी तपासणी नको, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो असं नाव घेऊन मागा. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे बरीच. हा आकडा तापात, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये, खूप दमणूक झाली की वर-खाली होतो, म्हणून एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला तर पक्कं धरतात. बाबांचं हे एकदाच झालंय. गोळी नीट चालली तर तीन-चार महिन्यांत हा ४२० बराच खाली आलेला दिसावा, ३० टक्के उतरला तरी चांगलं मानतात. बाबांना गेज हवंय ना, हे त्यांचं खरं गेज. बीपीचं मशीन राहू दे, पण वहीत हा आकडा लिहा.

डॉक्टरांना आणखी एक विचारा, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन बाबांना चालेल का. या मूळच्या शुगरच्या गोळ्या, पण २०१९-२० मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासांत सार्टन किंवा प्रिल चालू असतानाच वरून याच घराण्यातलं औषध दिलं आणि किडनी आणखी टिकली. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं, त्यानंतर ती बरीच स्वस्त झाली. सगळ्यांना चालत नाही, लघवीच्या जागी इन्फेक्शन होऊ शकतं, म्हणून स्वतः सुरू करायची नाही. शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू असेल तर तंबाखू, हे सगळं आहेच, त्यावर मी वेगळं काय सांगणार. डोळ्यांचा पडदा मात्र वर्षातून एकदा दाखवा, किडनीतल्या बारीक नळ्या दुखावल्या तर डोळ्यातल्याही दुखावलेल्या असण्याची शक्यता असते.

हे पत्र वाचून आणखी काहीजण आपापल्या घरातली पाकिटं काढून बसतील हे मला माहितीये, तर त्यांच्यासाठी. डायबेटीस आहे पण लघवीत प्रोटीन नाही, बीपी चांगलं, क्रिएटिनिन चांगलं, अशांनी किडनी वाचवायची म्हणून ही गोळी मागायला जाऊ नका, तिथे ती देत नाहीत. प्रिल घराण्यातली, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल घेत असाल आणि कोरडा खोकला जात नसेल तर खोकल्याची बाटली आणण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांनी खोकला येतो आणि मग सार्टन देतात. ओठ-चेहरा सुजला तर गोळी थांबवून सरळ हॉस्पिटल गाठायचं. प्रिल आणि सार्टन दोन्ही एकत्र नाही. २००८ मध्ये आणि २०१३ मध्ये तसं करून बघितलेलं आहे, फायदा वाढला नाही, किडनी अचानक बिघडणं वाढलं. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांच्या घरी मी दोन्ही पाकिटं शेजारीशेजारी बघितलीत, म्हणून सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून घेऊन जा. ज्या मुलींना डायबेटीस आहे आणि मूल हवंय त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून ही गोळी बदलून घ्यायची, पोटातल्या बाळाला तिने इजा होते.

आणि ज्यांना डायबेटीस आहे पण लघवी कधीच तपासली नाही, टाइप टू असेल तर ज्या वर्षी निदान झालं त्याच वर्षापासून दर वर्षी तपासायची असते. दर तीन डायबेटीसवाल्यांत साधारण एकाची किडनी कधी ना कधी दुखावते आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही, काहीच जाणवत नाही. खाजगीत परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, वाशीला महापालिकेचं आहे, ओपीडीत नंबर लावा. गोळ्या जनऔषधी केंद्रात टेल्मिसार्टन या मूळ नावाने मागा, बाहेरच्यापेक्षा खूप कमीत मिळतात.

ताई, तुमचं पत्र "मीच घाई केली का" या वाक्यावर संपलं होतं. क्रिएटिनिन १.३ असताना ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय त्याचा अंदाज, काढला तर बाबांचा साधारण ६० येतो. म्हणजे वाचवण्यासारखं पुष्कळ आहे अजून, तुमच्या त्या काकांच्या वेळी इतकं असताना कोणी तपासलं होतं की नाही कोण जाणे. रविवारी बाबांशी बोलणं झालं की सोमवारी डॉक्टरांकडे फोन करून वेळ घ्या, गुडघ्याच्या गोळीची स्ट्रिप पिशवीत टाकायला विसरू नका, आणि पोटॅशियमचा आकडा आला की मला कळवा.